निदानाचे पैसे कोण देतं?

इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या शोरूमची जागा हमरस्त्यावर असते. दारात रखवालदार सलाम करतो, आत एसीचा गारवा, टीव्हींची अख्खी भिंत, कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे करतं. तोच टीव्ही दीड वर्षाने बंद पडला की कंपनीचं सर्व्हिस सेंटर शोधत आपण औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात, नाहीतर लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन पोहोचतो. टोकन, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, काचेआड एकच मुलगी आणि तिच्या पुढ्यात सतत वाजणारा फोन. विकताना गोड आणि नंतर ओळखसुद्धा दाखवत नाहीत, असं म्हणत आपण दुकानदाराच्या स्वभावाला दोष देतो. स्वभावाचा भाग असेलही. पण या धंद्यातली सेवा समजून घ्यायची तर त्याची हिशेबाची वही जास्त उपयोगी पडते. सल्ला, निदान, दुरुस्ती यांचे पैसे कुणी ना कुणी देतच असतं. ते कोण देतं हे कळलं की काउंटरमागचा माणूस कुणाची चाकरी करतोय हेही कळतं.

सल्ल्यापासूनच सुरुवात करू, कारण तो फुकट मिळतो. शोरूममध्ये तुमच्याजवळ येऊन ‘काय बघताय सर?’ विचारणारा तरुण पुष्कळदा दुकानाचा नोकर नसतो. तो एखाद्या कंपनीचा प्रमोटर असतो. त्याचा पगार कंपनी देते, वर दर विक्रीमागे काही रक्कम देते, आणि दसरा-दिवाळीला त्याच्या डोक्यावर टार्गेट ठेवते. अंगात कंपनीचा टी-शर्ट असला तर निदान ओळखता तरी येतं. काही दुकानांत सगळ्यांना एकाच रंगाचे शर्ट असतात, मग तेही जमत नाही. दुकानदाराला ही व्यवस्था सोयीची, कारण विक्रेत्यांच्या पगाराचा बोजा दुसऱ्याच्या खिशावर जातो. कंपनीलाही सोयीची. गिऱ्हाइकाला सल्ला फुकट मिळतो, आणि फुकट मिळाल्यामुळेच तो कुणाच्या बाजूने झुकलेला आहे हे विचारायचं त्याला सुचत नाही. प्रमोटर मुद्दाम खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. आपल्या मॉडेलची माहिती त्याला दुकानातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त असते. शेजारच्या मॉडेलबद्दल मात्र तो ‘तोही चांगलाच आहे’ एवढंच म्हणतो आणि हळूच तुम्हाला आपल्या पॅनलसमोर आणून उभा करतो.

त्या पॅनलवरचं चित्रही नीट पाहण्यासारखं असतं. नवा टीव्ही पहिल्यांदा सुरू केला की तो घरी वापरणार की दुकानात, असं पडद्यावर विचारतो. दुकानाचा पर्याय निवडला की उजेड आणि रंग पार टोकाला जातात, म्हणजे पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली शेजारच्या वीस टीव्हींपुढे तो फिका पडू नये. त्या चित्रावरून आपल्या हॉलमध्ये रात्री तो कसा दिसेल याचा काहीच अंदाज येत नाही. ‘जरा होम मोडवर करून दाखवा ना,’ असं म्हटलं तर प्रमोटर करूनही दाखवतो. फक्त आपण होऊन तो ते करणार नाही.

जाणत्या विक्रेत्याचे पैसे दुकानाने स्वतः द्यायचे ठरवलं तर काय होतं, आणि मग द्यायचं थांबवलं तर काय होतं, याचं ठळक उदाहरण अमेरिकेत सापडतं. सॅम्युअल वुर्ट्झल यांनी १९४९ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये टीव्हीचं दुकान काढलं. त्यातून पुढे ‘सर्किट सिटी’ नावाची देशभर पसरलेली साखळी उभी राहिली. तिथले विक्रेते कमिशनवर काम करत. कमिशनचे तोटे असतात, गिऱ्हाइकाच्या गळ्यात महाग माल मारण्याचा मोह होतो. पण वर्षानुवर्षं टिकलेले, मालाची नस माहीत असलेले विक्रेतेही त्यातूनच तयार झाले. २००३ साली कंपनीने कमिशन बंद केलं आणि त्यावर जगणाऱ्या सुमारे ३,९०० जणांना घरी पाठवलं. २००७ च्या मार्चमध्ये तर आणखी कमाल केली. दुकानांतले जास्त पगाराचे साधारण ३,४०० कर्मचारी काढून टाकले, आणि कारणही उघडपणे हेच दिलं, की बाजारभावापेक्षा त्यांचा पगार जास्त आहे. म्हणजे जे सगळ्यांत जाणते होते, नेमके तेच गेले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि २००९ च्या मार्चमध्ये शेवटच्या दुकानांची शटरं खाली आली. मंदी होती, स्पर्धा होती, सगळा दोष एका निर्णयावर टाकणं बरोबर नाही. गंमत अशी, की २००१ साली गाजलेल्या ‘गुड टू ग्रेट’ या व्यवस्थापनाच्या पुस्तकात ही कंपनी आदर्शांच्या यादीत होती; आणि २०१२ साली संस्थापकाच्या मुलाने, जो स्वतः कंपनीचा प्रमुख होता, तिच्यावर पुस्तक लिहिलं त्याचं नाव ‘गुड टू ग्रेट टू गॉन’.

विक्रीच्या काउंटरवर निदान डोळे उघडे ठेवून तुलना तरी करता येते. दुरुस्तीच्या काउंटरवर तेही शक्य नसतं. अर्थशास्त्रज्ञ मालाचे तीन प्रकार मानतात. काही वस्तूंचा कस विकत घेण्याआधीच कळतो. साडीचा पोत बोटांनी चाचपता येतो. काहींचा वापरल्यावर कळतो. हापूसची पेटी घरी आणून आंबा कापला की समजतं. तिसऱ्या प्रकारच्या वस्तूचा कस वापरूनही कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ साली या तिसऱ्या प्रकारावर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात ‘फसवणुकीचं इष्टतम प्रमाण’ असे शब्द होते, आणि त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी दुरुस्तीचा धंदा होता. लॅपटॉप बंद पडला, तुम्ही दुकानात दिला, तीन दिवसांनी तो चालू होऊन आला, बिल सहा हजार. मदरबोर्ड खरंच गेला होता का? की एक सैल कनेक्टर दाबून बसवला? दोन्ही बाबतींत लॅपटॉप सारखाच चालतो. बिघाड सांगणारा, बिघाड दुरुस्त करणारा आणि दुरुस्तीची किंमत ठरवणारा माणूस एकच असतो. डॉक्टरच्या बाबतीतही हेच असतं. पण तिथे निदान दुसऱ्या डॉक्टरला दाखवून ताडून पाहायची रीत तरी आहे.

हे नुसतं सिद्धांतातलं भय नाही, हे फार पूर्वी एका मासिकाने सिद्ध करून दाखवलं होतं. १९४१ साली ‘रीडर्स डायजेस्ट’ने रॉजर विल्यम रीस आणि जॉन पॅट्रिक या दोन पत्रकारांकडून अमेरिकाभर तपास करून घेतला. रीस हे न्यूयॉर्कच्या झोपडवस्त्यांची छायाचित्रं काढून देशाला हलवणाऱ्या जेकब रीस यांचे चिरंजीव, त्यामुळे शोधपत्रकारिता घरातच होती. युक्ती साधी होती. ठणठणीत रेडिओ घ्यायचा, आतली एखादी व्हॅक्यूम ट्यूब सैल करायची किंवा एक तार सोडवायची, आणि दुरुस्तीच्या दुकानात जाऊन ‘बंद पडलाय’ म्हणायचं. प्रामाणिक कारागिराला तो एका मिनिटाचा मामला. ३०४ रेडिओ दुकानांपैकी १९५ दुकानांनी नको ती दुरुस्ती केली, न बदललेल्या भागांचे पैसे लावले किंवा काहीबाही रोग सांगितला. मोटार गॅरेजांचं प्रमाणही जवळपास तेवढंच निघालं. घड्याळ दुरुस्त करणारे त्यांच्यापेक्षा बरे, तरी निम्म्याच्या आसपास. म्हणजे ‘हल्लीच लोक असे झालेत’ या आपल्या आवडत्या तक्रारीला काही आधार नाही.

पुढे टीव्ही आल्यावर हाच प्रकार इतका बोकाळला, की कॅलिफोर्नियाने १९६३ साली टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दुकानांना सरकारी नोंदणी सक्तीची केली. तिथे गिऱ्हाइकाने मागितला तर बदललेला जुना भाग त्याच्या हातात द्यावा लागतो. वॉरंटीसाठी कंपनीला परत पाठवायचा असेल तेवढा अपवाद. आपल्याकडे घरातलं वायरिंग करणाऱ्या कंत्राटदाराला परवाना लागतो. मोबाइल किंवा लॅपटॉप उघडून बसणाऱ्याला कुठल्याच परीक्षेला बसावं लागत नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड आहे, पण तो केल्याशिवाय दुकान उघडायला कुणी अडवत नाही.

त्यातूनच एक विलक्षण गुणी जमात तयार झाली आहे, हेही सांगायला हवं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून डॉ. भडकमकर मार्गावर जा. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव या रस्त्याला होतं, आणि पाटी बदलली तरी गिऱ्हाइकाच्या तोंडी तो लॅमिंग्टन रोडच आहे. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली तशीच. रेझिस्टर, कपॅसिटर, वायर, अडॅप्टर, हार्ड डिस्क, जुन्या रॅमच्या पट्ट्या. आणि मधेच एखाद्या अरुंद जिन्यावरून वर गेलं की चार टेबलं, चार मायक्रोस्कोप, चार मुलं. ही ‘चिप लेव्हल’ची दुकानं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बोर्ड गेला की अख्खा बोर्ड बदलतात. इथे बोर्डावरचा एक भाग शोधून तेवढाच बदलतात.

ते काम जवळून बघण्यासारखं असतं. बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वीज जिथे जायला नको तिथून थेट जमिनीला मिळतेय. मल्टिमीटरने लाइन सापडते, पण त्या एका लाइनवर पाचपन्नास कपॅसिटर असतात, तिळाएवढे, दिसायला सगळे सारखे. मुलगा डीसी सप्लायवरून त्या लाइनला एखादा व्होल्ट देतो, आणि ब्रशने बोर्डावर आयपीए, म्हणजे सफाईचं अल्कोहोल, फिरवतो. ओला बोर्ड चकाकतो. दोन सेकंदांत एका ठिपक्यावरचं अल्कोहोल बाकीच्यांच्या आधी उडतं, तेवढाच भाग कोरडा दिसतो. शॉर्ट झालेला कपॅसिटर तापतो, म्हणून तिथलं आधी वाळतं. हॉट एअर गनने तो उचलला, चिमट्याने बाजूला ठेवला, पुन्हा मीटर लावला, शॉर्ट गेला. पुष्कळदा त्या जागी दुसरा लावण्याचीही गरज नसते, कारण तसेच आणखी दहा कपॅसिटर त्या लाइनवर असतात.

आता बिल काय करायचं? भागाची किंमत रुपया-दोन रुपये, आणि तोही लावलेला नाही. वेळ दहा मिनिटं. पण कुठे मीटर लावायचा हे कळायला त्या मुलाची चार-पाच वर्षं गेलेली आहेत. ‘एक कपॅसिटर काढला, दोन हजार द्या,’ असं त्याने खरंखरं सांगितलं तर गिऱ्हाईक भडकतं. म्हणून तो ‘पॉवर आयसी बदलला’ म्हणतो. गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे देतं आणि समाधानाने जातं. या व्यवहारात काम चोख झालं, रक्कमही कदाचित वाजवी होती, आणि तरी खोटं बोललं गेलं. ते खोटं कारागिराच्या अंगच्या लबाडीतून जितकं आलं, तितकंच आपल्या एका हट्टातून आलं: वस्तूचे पैसे देऊ, कळण्याचे देणार नाही. निदान फुकट हवं, असा बाजाराचा नियम झाला की निदानाची किंमत सुट्या भागांत लपवावी लागते. आणि एकदा भाग न बदलता बदलला म्हणायची सवय लागली, की पुढची पायरी चढायला वेळ लागत नाही.

पैसे देणारा तिसराच असेल तर काय होतं, हे ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठाशी संबंधित तीन संशोधकांनी दाखवलं. रुडॉल्फ केर्शबामर, डॅनियल नॉयरूरर आणि मात्तियास झुटर यांचा हा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी संगणकांतली रॅमची एक पट्टी मुद्दाम नादुरुस्त केली, बाकी सगळं ठीक, आणि ते संगणक दुरुस्तीच्या वेगवेगळ्या दुकानांत दिले. काही दुकानांत फक्त ‘दुरुस्त करा, बिल द्या’ म्हटलं. इतर दुकानांत एक वाक्य जास्त: बिल नीट लागेल, विमा कंपनीकडून पैसे मिळणार आहेत. पहिल्या गटात सरासरी बिल सुमारे ७० युरो आलं, दुसऱ्यात सुमारे १२९. बिघाड तोच, संगणक तसाच, फरक एका वाक्याचा. नको असलेले भाग बदलले गेले आणि न केलेल्या कामाचे तास लावले गेले. समोरच्या माणसाच्या खिशातून जाणार नाहीत म्हटल्यावर हात सैल सुटतो. ‘विमा आहे ना?’ हा प्रश्न आपल्याकडच्या गॅरेजात गाडी उभी करताच विचारला जातो तो याचसाठी. एक्स्टेंडेड वॉरंटी हाही विम्याचाच एक प्रकार आहे, आणि दुकानाला तो विकण्यात मोठा रस असतो, कारण कित्येकदा त्यात टीव्हीपेक्षा जास्त नफा सुटतो. छापील अटी वाचल्याशिवाय तो घेऊ नये एवढंच मी म्हणेन. त्या कुणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे.

मूळ वॉरंटीचं गणित याच्या बरोबर उलट चालतं. इथे पैसे कंपनी देते, आणि ती मोजून देते. अधिकृत सर्व्हिस सेंटर हे बहुतेक वेळा कंपनीचं नसतं; फ्रँचायझी घेतलेल्या स्थानिक माणसाचं असतं. वॉरंटीतल्या दुरुस्तीमागे त्याला कंपनीकडून ठरावीक रक्कम मिळते. तेच काम वॉरंटीबाहेरचं ठरलं तर गिऱ्हाइकाकडून पूर्ण दराने पैसे येतात. असं असताना तुमचा फोन वॉरंटीत बसतो की नाही हे ठरवायचं काम त्याच्याकडेच दिलेलं असतं. मग काउंटरवर भिंग लावून आधी शोधलं जातं ते ‘फिजिकल डॅमेज’. कोपरा किंचित चेपलाय का, चार्जिंगच्या पिना वाकल्यात का. आत एक छोटा पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. तो लाल दिसला की विषय संपला. नुसत्या दमट हवेने तो रंगत नाही असं कंपन्या सांगतात. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात फोन वापरणाऱ्यांना हे पटवून देणं कठीण आहे.

लॅमिंग्टन रोडवरच्या स्टिकरची तऱ्हा वेगळी. तिथून हार्ड डिस्क किंवा रॅम घेतली की दुकानदार त्यावर नखाएवढा स्वतःचा स्टिकर चिकटवतो. त्यावर दुकानाचं नाव, एक ते बारा आकडे आणि साल. विक्रीच्या महिन्यावर पेनाने खूण केलेली. काढायला गेलं की त्याचे अंड्याच्या कवचासारखे तुकडे होतात. ही त्या बाजाराची नोंदवही आहे. माल परत आला की दुकानदार आधी स्टिकर बघतो, मग माणूस. त्याचंही एक कारण आहे. तो माल त्याने वितरकाकडून घेतलेला असतो, वितरकाने कंपनीकडून. सदोष माल उलट्या वाटेने पाठवायचा, कंपनीने तो तपासायचा, बदली माल त्याच वाटेने खाली यायचा. यात आठवडे जातात. या मालावर दुकानदाराचं मार्जिन फार थोडं असतं. चार गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानातून घेतलेली बंद डिस्क आपल्या माथी मारली गेली, तर दिवसभराची कमाई गेली. चांगला दुकानदार तरीही जुन्या गिऱ्हाइकाला ‘तोपर्यंत ही वापरा’ म्हणून दुसरी डिस्क देतो. ती सेवा कुठल्याही वॉरंटी कार्डावर छापलेली नसते. तिचे पैसे पुढच्या खरेदीतून येतात, म्हणून ती वाटसरूला मिळत नाही.

अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीचा वेगळा कायदा आहे, आणि अमुक कंपनीचाच भाग वापरला नाही तर वॉरंटी रद्द, अशी अट त्यात चालत नाही. तरीही ‘हे सील तोडल्यास वॉरंटी रद्द’ असे स्टिकर सर्रास लागत होते. २०१८ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना त्याबद्दल ताकीद दिली. कायदा येऊन चाळीस वर्षं उलटल्यावर.

आपल्या कायद्याची गोष्टही सावकाश सरकलेली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. तो यायला १९८६ उजाडलं. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यातली काही कलमं थेट या काउंटरसाठीच लिहिल्यासारखी आहेत. बिल न देणं ही आता अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही: बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, असा माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. तक्रार आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पूर्वी ती विरुद्ध पक्षाचा धंदा किंवा शाखा असेल, नाहीतर वादाचं कारण घडलं असेल, तिथेच करावी लागे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ मोठ्या कंपन्या तिथे आलेली तक्रार दुकानातल्या तक्रारीपेक्षा गंभीरपणे घेतात.

या कायद्याची दोन कलमं मला फार बोलकी वाटतात. एक, फुकट दिलेली सेवा ही कायद्याच्या व्याख्येत सेवाच नाही. वॉरंटीतली दुरुस्ती त्यातून सुटत नाही, कारण तिचे पैसे वस्तूच्या किमतीत आलेले असतात. पण ओळखीच्या दुकानदाराने ‘असू द्या हो काका, पैसे कसले’ म्हणत लॅपटॉप उघडला आणि बिघडवला, तर आयोगापुढे तुमची बाजू लंगडी पडते. दुसरं, माल सदोष आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि त्या तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची असू शकते. अशा तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. आयोगात तारखा घेतलेल्या माणसाला हे वाचून दाखवा, तो तुमच्याकडे बघून हसेल.

काही गोष्टींना बिलात जागाच नसते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली एक अभ्यास मांडला. ऑन्टारिओतल्या दुकानांत त्यांनी आवाजाची किरकोळ अडचण मुद्दाम निर्माण केलेले लॅपटॉप दिले, आणि पडद्यामागे काय उघडलं जातंय याची नोंद ठेवली. सोळापैकी सहा ठिकाणी तंत्रज्ञांनी मालकाच्या खासगी फाइली चाळल्या. दोन ठिकाणी त्या बाहेर कॉपीही केल्या. मालक स्त्री आहे असं भासवलेल्या लॅपटॉपांत डोकावण्याचं प्रमाण जास्त होतं. नुसती बॅटरी बदलायची असतानाही दुकानं पासवर्ड मागतात, हेही त्यांना आढळलं. बॅटरी बदलायला पासवर्डाचं काही काम नाही. ‘चालू करून बघायला लागतो ना’ या उत्तरावर, ‘मी समोर उभा राहून टाकतो’ असं सांगता येतं.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून एक वेगळाच उपाय केला. सुरुवातीला स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंच्या किमतीशेजारी दुरुस्तीचा गुणांक लावायचा, दहापैकी. उघडायला सोपं आहे का, सुटे भाग मिळतात का, कितीला मिळतात. मागच्या काउंटरवर कळणारी गोष्ट पुढच्या काउंटरवर आणून ठेवली. गुण कंपन्या स्वतःच काढतात, त्यामुळे ते थोडे उदार असणार हे उघड आहे. तरी चार गुणांचा लॅपटॉप आणि आठ गुणांचा लॅपटॉप शेजारी दिसले की प्रमोटरला एक नवा प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं आणि दुरुस्तीची माहिती एकत्र मिळावी हा हेतू. सुट्या भागांच्या किमती दुकानात दिसायला मात्र अजून वेळ आहे.

दरम्यान काही दुकानदारांनी आपल्यापुरता उपाय काढलाय. काउंटरवर पाटी लावतात: ‘चेकिंग चार्ज ३०० रु. दुरुस्ती न केल्यासही लागू.’ तपासून काय निघालं ते जॉबशीटवर लिहून देतात, काढलेला भाग प्लास्टिकच्या पुडीत घालून परत देतात, आणि दुरुस्ती करून घेतली तर तीनशे बिलातून वजा करतात. अशा दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हा संवाद ऐकू येतोच.

‘नुसतं बघायचे तीनशे?’

‘हो काकू.’

‘पलीकडचा फुकट बघतो की.’

‘मग पलीकडे दाखवा ना. तो काय म्हणाला ते मात्र लिहून आणा.’